न झेललेल्या चेंडूंचा भाव

ऑगस्ट संपत आला की आमच्या घरी दोन याद्या तयार होतात. एक गणपतीच्या सामानाची, ती बायको करते. दुसरी रिसीव्हरांची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्यांची, ती मी आणि लेक मिळून करतो. पहिलीत दरवर्षी तेच असतं, न्यू जर्सीत ताज्या दुर्वा कुठे मिळतील एवढाच काय तो प्रश्न. दुसरीतली निम्मी नावं मात्र दरवर्षी नवी, आणि त्यांतल्या बहुतेक पोरांनी एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, अजून एकही चेंडू झेललेला नसतो. ज्याने काही केलेलंच नाही त्याच्यावरून बापलेकीत रात्री बारापर्यंत वाद कसला होतो, हे बायकोला आजवर कळलेलं नाही. मला थोडं थोडं कळायला लागलंय.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खेळाचं नाव फँटसी फुटबॉल. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन. दहा-बारा जणांची एक लीग असते, आणि सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येकजण आळीपाळीने खरे खेळाडू आपल्या कागदी संघात उचलतो, तो ड्राफ्ट. पहिल्या फेरीत ज्याची पाळी शेवटी, त्याची दुसऱ्या फेरीत पहिली. एकाने उचललेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. मग रविवारी मैदानावर तो खेळाडू जे करील त्याचे गुण आपल्याला. आमच्या लीगमध्ये झेलाला एक गुण, चेंडू पुढे नेलेल्या दर दहा यार्डांना एक, टचडाउनला, म्हणजे चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की, सहा. पुण्यातला भाचा विचारतो, "मामा, म्हणजे ड्रीम इलेव्हनच ना?" नातं आहे, पण तिथे दर सामन्याला नवा संघ बांधायचा आणि इथे सप्टेंबरात बांधलेल्या संघाची डागडुजी करत डिसेंबर गाठायचा. शिवाय तिकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. आमच्याकडे पैसा नाहीच. जो शेवटच्या नंबरावर येईल त्याने सगळ्या लीगला मिसळ खाऊ घालायची. मिसळ करणारा तर्री चांगली करतो की नाही, यावरून डिसेंबरात कोणाला खाली ढकलायचं याची गुप्त खलबतं होतात, तो भाग निराळा.

ड्राफ्टच्या पहिल्या चार-पाच फेऱ्यांत अक्कल फारशी लागत नाही. जस्टिन जेफरसन कोण, जमार चेस कोण, हे सगळ्यांना माहीत असतं. कुठला खेळाडू सरासरी कितव्या नंबरावर जातो हे ॲपमध्येच छापलेलं असतं. खरी मजा आठव्या फेरीच्या आसपास सुरू होते. तिथे एका बाजूला असतो तिशी ओलांडलेला, मैदानावर सगळं पाहिलेला रिसीव्हर. गेल्या वर्षी साठ झेल, सातशे यार्ड, चार टचडाउन. दुसऱ्या बाजूला एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा. एप्रिलमध्ये एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये, जिथे संघ कॉलेजातली पोरं क्रमाने निवडतात, त्याला कुठल्यातरी संघाने घेतलं, आणि त्याच्या नावापुढे व्यावसायिक झेल शून्य.

मध्यमवर्गीय मराठी मन आपोआप म्हाताऱ्याकडे वळतं. निदान काहीतरी हाती लागेल. पण हिशेब मांडला की तो म्हातारा गंमत करतो. साठ झेलांचे साठ, सातशे यार्डांचे सत्तर, चार टचडाउनांचे चोवीस. एकूण १५४, सतरा सामन्यांत वाटले तर आठवड्याला नऊ गुण. आणि नऊ गुण देणारे रिसीव्हर सीझनभर वेव्हरवर, म्हणजे कोणीच न उचललेल्यांच्या ढिगात, पडलेले असतात. लेकीने एकदा चष्मा वर करत सांगितलं, "बाबा, नऊ गुण फुकट मिळतात. फुकटची गोष्ट तू आठव्या फेरीत विकत घेतोयस."

हे एकदा डोक्यात शिरलं की पोरगा वेगळा दिसायला लागतो. तो फसला तर? ऑक्टोबरात त्याला सोडून द्यायचं आणि ढिगातला नऊ गुणांवाला उचलायचा. म्हणजे सगळ्यात वाईट शेवट काय, तर जो म्हातारा आपण घेतला नाही त्याचाच जुळा भाऊ आपल्याकडे येणार. आणि पोरगा चालला तर मात्र मर्यादा नाही. या खेळात ठीकठाक असण्याला जवळजवळ किंमत नाही. कोणाला केव्हाही सोडून देता येतं या एकाच सोयीमुळे इथे धाडस इतकं स्वस्त पडतं. नोकरीत, घर घेताना, नात्यांत ही सोय नसते. म्हणूनच बहुधा एरवी विम्याचे हप्ते वेळेवर भरणारे आम्ही लोक ड्राफ्टच्या रात्री एकदम शूर होतो.

पण शूर व्हायचं कोणावर? दरवर्षी एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये तीसेक रिसीव्हर घेतले जातात. सगळे वेगाने धावतात, सगळ्यांचे यूट्यूबवरचे तुकडे पाहिले की वाटतं हा देवच आहे. त्यांतून निवडायचा कसा, यावर आमच्या लीगमध्ये जितकी डोकी तितकी शास्त्रं. कोणी पोराची उंची पाहतो, कोणी चाळीस यार्डांची वेळ, कोणी कॉलेजात कितव्या वर्षी चमकला ते. माझं मत थोडं वेगळं आहे. रिसीव्हर हा या खेळातला सगळ्यात परावलंबी माणूस आहे, आणि त्याची किंमत ठरवताना त्याच्याकडे पाहण्याइतकंच त्याच्यावर विश्वास कोण टाकतंय हे पाहायला हवं.

पाहा ना. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, हातात तो जवळजवळ प्रत्येक खेळीला येतो. चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकच्या हातात तो आणून दिला जातो. रिसीव्हर मात्र एका सामन्यात तीस-पस्तीस वेळा आखून दिलेल्या वाटेने जीव तोडून धावतो, आणि चांगला असला तरी चेंडू त्याच्याकडे सात-आठ वेळा येतो. बाकीचं धावणं वाया, निदान आमच्या गुणांच्या हिशेबात. आणि तो सात-आठ वेळा येण्यासाठीही किती गोष्टी जुळाव्या लागतात. पुढच्या फळीने अडीच-तीन सेकंद धरून ठेवलं पाहिजे. क्वार्टरबॅकची नजर त्या बाजूला गेली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, रिसीव्हरने अजून मान वळवलेली नसताना, तो तिथे पोचेलच या खात्रीवर, चेंडू हातातून सुटला पाहिजे. ती खात्री नवख्याबद्दल नसते. त्याने काही सिद्ध केलेलं नाही असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर एवढंच घडलेलं असतं: त्याच्यावर अजून कोणी भरवसा ठेवून पाहिलेला नाही.

भरवसा आधी कोणाला मिळतो? ज्याच्यावर पैसा ओतलाय त्याला.

२०१९ चा एनएफएल ड्राफ्ट घ्या. पॅट्रियट्सनी पहिल्या फेरीत, ३२ व्या क्रमांकावर, नकील हॅरी घेतला. त्याच्यानंतर ३६ व्याला डीबो सॅम्युअल गेला, ५१ व्याला ए. जे. ब्राउन, ६४ व्याला डीके मेटकाफ, ७६ व्याला टेरी मक्लॉरिन. हॅरीनंतरचे हे चौघे आपापल्या संघांचे खांब झाले, आणि हॅरी तीन सीझन चाचपडून दुसऱ्या संघाकडे रवाना झाला. मेटकाफ इतका खाली का घसरला? २२८ पौंडांचा हा गडी चाळीस यार्ड ४.३३ सेकंदांत धावला होता. पण शंकूंभोवती वळणं घेत धावायच्या चाचणीत त्याला ७.३८ सेकंद लागले, आणि संथ म्हणून गाजलेल्या क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने त्याच्या काळी तीच चाचणी ७.२० मध्ये केली होती. झालं, वर्षभर विनोदाला विषय. शिवाय आदल्या वर्षी कॉलेजात मानेचं हाड मोडलेलं. त्याला वळावं लागणारच नाही, सरळ धावत सुटला तर मागून कोण येणार आहे, हा विचार त्याला घेणाऱ्या सिॲटलवाल्यांनी केला.

उलट वेगाची भुरळ किती महाग पडते ते २०१७ मध्ये दिसलं. जॉन रॉसने चाळीस यार्डांचा तेव्हाचा विक्रम केला, ४.२२ सेकंद. बेंगल्सनी त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या सीझनमध्ये त्याच्या नावावर एकही झेल नाही. त्याच ड्राफ्टमध्ये ६९ व्या क्रमांकावर, ईस्टर्न वॉशिंग्टन नावाच्या लहानशा कॉलेजातून आलेला आणि ४.६२ मध्ये धावणारा कूपर कप रॅम्सकडे गेला. २०२१ मध्ये त्याने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले. तिन्हींत लीगमध्ये पहिला.

आता एक गोष्ट आमच्या भागातली, कारण मध्य न्यू जर्सी ही अर्धी न्यूयॉर्कच्या जायंट्सची आणि अर्धी फिलाडेल्फियाच्या ईगल्सची. एकाच गल्लीत दोन्हींचे झेंडे. २०२० मध्ये ईगल्सनी २१ व्या क्रमांकावर जेलन रेगर घेतला. लगेच २२ व्यावर मिनेसोटा व्हायकिंग्जनी जस्टिन जेफरसन घेतला. पहिल्याच वर्षी जेफरसनने ८८ झेल घेऊन १,४०० यार्ड केले. ईगल्सवाल्या मित्रांसमोर आजही '२१' हा आकडा काढायची सोय नाही. आणि नियतीची थट्टा अशी की २०२२ मध्ये ईगल्सनी रेगरला व्हायकिंग्जकडेच पाठवून दिलं. दोघे एकाच संघात, एकाच बाकावर.

हे सगळं सांगितलं की लीगमधले लोक म्हणतात, मग एनएफएलच्या क्रमांकाला काही अर्थच नाही! माझा निष्कर्ष नेमका उलटा आहे. क्रमांकाला फार अर्थ आहे, फक्त तो कौशल्याचा पुरावा म्हणून वाचायचा नाही. पोराला किती चुका माफ होतील, एवढंच तो सांगतो. पहिल्या फेरीतल्या पोराने तीन चेंडू सांडले तरी पुढच्या रविवारी तो मैदानावर असतो, कारण त्याला बसवणं म्हणजे निवडणाऱ्या साहेबांनी आपली चूक जाहीर करणं. पाचव्या फेरीतल्याला चूक करायलासुद्धा मैदान मिळत नाही. म्हणून दोन अनोळखी पोरं समोर असतील आणि बाकी काहीच कळत नसेल, तर मी वरच्या क्रमांकाचा घेतो. हॅरी लक्षात असूनही.

आणि पाचव्या फेरीतल्याला मैदान मिळतं केव्हा? बहुतेकदा दुसऱ्या कोणाचा पाय दुखावतो तेव्हा. २०२३ मध्ये पुका नाकुआ नावाचा मुलगा १७७ व्या क्रमांकावर रॅम्सकडे आला. आमच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कोणी उच्चारलंही नाही, आणि बहुतेक लीगांत तेच झालं असणार. सीझनच्या तोंडावर कूपर कपचा हॅमस्ट्रिंग दुखावला. पहिल्या रविवारी सिॲटलविरुद्ध नाकुआने दहा झेल घेतले, ११९ यार्ड. आमच्या हिशेबाने २१.९ गुण. त्या आठवड्यात वेव्हरवर त्याच्यासाठी लुटुपुटूच्या पैशांची जी बोली लागली ती पाहून एकाने विचारलं, "अरे, एका सामन्यावर एवढे?" पुढच्या रविवारी पंधरा झेल, १४७ यार्ड, २९.७ गुण. वर्ष संपलं तेव्हा १०५ झेल आणि १,४८६ यार्ड, दोन्ही नवख्यांचे तेव्हाचे विक्रम. यार्डांचा आधीचा विक्रम १९६० सालचा होता.

त्या वर्षी नाकुआ आपल्याला आधीपासून माहीत होता असं सांगणारे पुष्कळ भेटले. माहीत असेल तर तो रॅम्सच्या प्रशिक्षकांना आणि क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डला. आपल्याला नव्हता. पण पहिल्या रविवारनंतर कळण्यासारखं एक होतं, आणि ते त्या दहा झेलांत नव्हतं. स्टॅफर्डसारखा मुरलेला माणूस पहिल्याच सामन्यात या पोराकडे पुन्हा पुन्हा पाहत होता. त्या दिवशी चेंडू त्याच्याकडे पंधरा वेळा आला होता. झेल नशिबाने मिळतात, पण क्वार्टरबॅकची नजर पंधरा वेळा नशिबाने वळत नाही.

लेकीच्या एक्सेलमध्ये पाच रकाने आहेत: रूट, टार्गेट, झेल, यार्ड, टचडाउन. रूट म्हणजे किती वेळा धावायला मैदानावर होता. टार्गेट म्हणजे किती वेळा चेंडू त्याच्या दिशेने आला. आमच्यातले बहुतेक लोक उजवीकडून वाचतात, कारण टचडाउन टीव्हीवर दिसतं आणि गुण तिथेच दणकन पडतात. पण भरवसा डावीकडून उजवीकडे वाहतो. आधी प्रशिक्षक रूट वाढवतो, मग क्वार्टरबॅक टार्गेट वाढवतो, मग झेल येतात. टचडाउन सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात लहरी. दोन झेलांत दोन टचडाउन करणाऱ्यामागे लीग धावत असते तेव्हा लेक शांतपणे एखादा असा उचलते ज्याचे गुण चार आहेत, पण जो लागोपाठ तीन आठवडे मैदानाबाहेर आलेलाच नाही.

डेट्रॉइट लायन्सचा एमन-रा सेंट ब्राउन हा त्या रकान्यांचा धडाच. २०२१ मध्ये चौथ्या फेरीत, ११२ व्या क्रमांकावर आलेला. त्याच्याआधी सोळा रिसीव्हर घेतले गेले, आणि त्या सोळांची नावं तो आजही तोंडपाठ म्हणून दाखवतो. पहिल्या अकरा सामन्यांत ३९ झेल आणि झेलून केलेलं टचडाउन एकही नाही. कोण ठेवणार त्याला? पण संघातले बाकीचे हुकमी लोक एकेक करून जखमी होत होते, आणि चेंडू त्याच्याकडे यायला लागला होता. ५ डिसेंबरला व्हायकिंग्जविरुद्ध सामन्याच्या शेवटच्या खेळीला त्याने टचडाउन केलं आणि लायन्सना सीझनमधला पहिला विजय मिळाला. तो धरून शेवटच्या सहा सामन्यांत ५१ झेल, ५६० यार्ड, पाच टचडाउन. आमच्याकडे तेव्हा बाद फेरी चालू असते.

ऑगस्टमधल्या बातम्यांचं मात्र मला वावडं आहे. त्या महिन्यात बत्तीसच्या बत्तीस संघांत कोणी ना कोणी नवखा "कॅम्पमध्ये चमकतोय". उलट दिशेच्या बातम्याही तितक्याच पोकळ. २०२१ मध्ये जमार चेस पाचव्या क्रमांकावर बेंगल्सकडे आला. आदलं वर्ष तो कोविडमुळे खेळलाच नव्हता. सरावाच्या सामन्यांत त्याने चेंडूमागून चेंडू सांडले, आणि कारण सांगितलं की कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, या मोठ्या चेंडूवर ते नाहीत, त्यामुळे नजरेत नीट येत नाही. लोक खो खो हसले. पट्टे! त्याचा भाव आठवड्याभरात कोसळला. पहिल्या खऱ्या सामन्यात त्याने पाच झेल, १०१ यार्ड आणि एक टचडाउन केलं. वर्षाअखेर ८१ झेल, १,४५५ यार्ड, १३ टचडाउन. आणि २ जानेवारी २०२२ ला, बहुतेक लीगांची अंतिम लढत असते त्या आठवड्यात, चीफ्सविरुद्ध अकरा झेल, २६६ यार्ड, तीन टचडाउन. एकट्याचे ५५.६ गुण. पट्ट्यांवर हसणारा एकजण त्या दिवशी समोरच्या बाकावर होता.

ऑगस्टमध्ये हातातून काय सुटलं याची बातमी होते. पण पहिल्या फळीबरोबर मैदानावर कोण उतरतोय, हे कोपऱ्यात छापलेलं असतं, आणि वाचायचं ते तेवढंच.

मग येतो थांबण्याचा प्रश्न. जुन्या खेळाडूंचा एक नियम होता, की रिसीव्हर तिसऱ्या वर्षी पिकतो. त्याला आधार होता. जेरी राइससारखा माणूस, वीटकाम करणाऱ्या बापाच्या हाताखाली भावांनी फेकलेल्या विटा झेलत वाढलेला, तोसुद्धा १९८५ मध्ये पहिल्या वर्षी चेंडू सांडायचा म्हणून बोलणी खात होता. अलीकडचं उदाहरण डव्हान्टे ॲडम्स. २०१५ मध्ये, त्याच्या दुसऱ्या वर्षी, जॉर्डी नेल्सनचा गुडघा सीझनआधीच गेला आणि ग्रीन बेमध्ये ॲरन रॉजर्सचे चेंडू ॲडम्सकडे वळले. तब्बल ९४ वेळा. त्यातून निघालं काय? ५० झेल, ४८३ यार्ड, एक टचडाउन. घोटा दुखावलेला होता हे खरं, पण तो संपला यावर सगळ्यांचं एकमत झालं. पुढच्याच वर्षी ७५ झेल, ९९७ यार्ड, १२ टचडाउन. आपण टाकून दिलं होतं, रॉजर्सने नाही.

आता तो नियम ढिला पडलाय. कॉलेजांत चेंडू हवेतून खेळण्याचं प्रमाण इतकं वाढलंय की पोरं तयार होऊनच येतात. पण थांबावं लागतंच, वर्षांऐवजी आठवडे. जेफरसनचे पहिले दोन सामने आठवा: दोन झेल २६ यार्ड, तीन झेल ४४ यार्ड. त्याच्याऐवजी दुसराच सुरुवात करत होता. तिसऱ्या सामन्यात सात झेल, १७५ यार्ड, टचडाउन, म्हणजे ३०.५ गुण. कच्च्या हापूसची अढी घातली की पेंढा रोज उकरून बघायचा नसतो, पण अजिबात न बघताही चालत नाही, एक नासका निघाला तर शेजारचे चार घेऊन जातो. बेंचवर, म्हणजे राखीव खेळाडूंसाठी, जेमतेम सहा जागा. त्यांतल्या एका जागेवर पाच आठवडे कच्चा आंबा ठेवला, तर त्या पाच आठवड्यांत वेव्हरवर जे जे आलं आणि गेलं ते त्याचं खरं भाडं. चौथी-पाचवी फेरी देऊन घेतलेल्याला मी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ठेवतो. बाराव्या फेरीतल्याचे रूट दुसऱ्या रविवारीही वाढले नाहीत तर नारळ.

भावाबद्दल एक गोष्ट मात्र २०२४ च्या गणपतीत फार छान दिसली. चतुर्थी शनिवारी, ७ सप्टेंबरला होती. रविवारी दुपारी एका मित्राच्या घरी दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन, मागच्या अंगणात मोठ्या टबात. नेमका त्याच रविवारी दुपारी एकला सीझनच्या पहिल्या रविवारचा बार उडाला. मार्विन हॅरिसन ज्युनियर त्या वर्षी चौथ्या क्रमांकावर ॲरिझोनाकडे आलेला, हॉल ऑफ फेममधल्या बापाचा मुलगा, आणि आमच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत गेलेला. एक झेल, चार यार्ड. १.४ गुण. "सुखकर्ता" संपून "लवथवती" सुरू होईपर्यंत त्याच्या मालकाच्या फोनवर अदलाबदलीचे दोन प्रस्ताव येऊन पडले होते. यजमानीणबाईंनी डोळे वटारले, फोन खिशात गेले. पुढच्या रविवारी त्याच हॅरिसनने पहिल्या पावभागातच दोन टचडाउन केले, दिवसाअखेर चार झेल, १३० यार्ड, २९ गुण. प्रस्ताव पाठवणारे गप्प.

पण वर्ष संपलं तेव्हा ६२ झेल, ८८५ यार्ड, आठ टचडाउन. नवख्यासाठी मुळीच वाईट नाही. त्याच वर्षी २३ व्या क्रमांकावर जॅक्सनव्हिलकडे गेलेल्या ब्रायन थॉमस ज्युनियरने १,२८२ यार्ड आणि दहा टचडाउन केले, ३४ व्यावरच्या लॅड मकाँकीने १,१४९ यार्ड, आणि हे दोघे आमच्याकडे कितीतरी फेऱ्या उशिरा गेले होते. हॅरिसन फसला असं लोक म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं. तो ठीकच खेळला, त्याची किंमत फसली. दुसऱ्या फेरीत आपण त्याचं सगळ्यात उत्तम भविष्य रोख मोजून घेतलं होतं. ते खरं ठरलं असतं तरी हाती जे दिलं तेच परत आलं असतं. नवव्या फेरीत तीच आशा चिल्लर देऊन मिळते. अजून न खेळलेल्या पोरावर दुसऱ्या फेरीत हात घालायचा नाही, एवढा एक नियम मी पाळतो, आणि दरवर्षी लेक मला त्याबद्दल भित्रा म्हणते. "जेफरसन दुसऱ्या फेरीत असता तर?" नव्हता, हेच तर म्हणतोय.

या सगळ्यात एक कडवट गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाणं बरं नाही. कपचा हॅमस्ट्रिंग नाकुआची संधी झाला, नेल्सनचा गुडघा ॲडम्सची. आमच्या ग्रुपवर कोणी मैदानात लोळण घेतली की मिनिटाभरात त्याच्या बदलीचं नाव झळकतं, कधी हसऱ्या चेहऱ्यासकट. लेकीने एकदा तिथेच खडसावलं, "काका, त्याला स्ट्रेचरवरून नेतायत." काका वरमले, तो चेहरा काढून टाकला. बोली मात्र मागे घेतली नाही. मीही घेतली नसती. बावीस वर्षांच्या पोरांचे गुडघे हा या बाजाराचा कच्चा माल आहे, आणि मिसळीवर भागवल्याने आमचा त्यातला वाटा काही सात्त्विक होत नाही.

आमची दुसरी एक लीग आहे, डायनेस्टी. तिथे खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात आणि दर मे महिन्यात फक्त नवख्यांचा ड्राफ्ट होतो. तिथे हे सगळं तर्कशास्त्र आणखी उघडं पडतं, कारण पुढच्या वर्षीचा पिकसुद्धा, म्हणजे ड्राफ्टमध्ये निवडायची पाळी, विकता येतो, ज्याला अजून नाव नाही, चेहरा नाही. आणि त्याचा भाव नाव मिळायच्या आदल्या दिवशी सर्वांत चढा असतो. एकदा तो पोरगा झाला, त्याने सप्टेंबरात सहा झेल घेतले, की ऑक्टोबरात अर्ध्या किमतीला मिळतो. पोरगा तोच, फक्त आता त्याच्यात काय नाही हे दिसायला लागलेलं असतं. म्हणून मी मे महिन्यात पिक विकतो आणि ऑक्टोबरात त्या पिकातून निघालेली पोरं विकत घेतो. लीगमधला एक नागपूरकर याच्या बरोबर उलट करतो. तो म्हणतो, "तुला भाव कळतो बे, खेळ कळत नाही." गेल्या दोन्ही वर्षी मिसळ दुसऱ्याच कोणीतरी घातली, त्यामुळे वाद मिटलेला नाही.

सध्या आमच्या दोघांत एक सौदा अडलाय. त्याच्या बेंचवर दुसऱ्या वर्षाचा एक रिसीव्हर आहे. रूट चढते, टार्गेट नाहीत, टचडाउन एकही नाही. त्याबदल्यात त्याला माझा पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक हवाय. मी दुसऱ्या फेरीचे दोन देतो म्हटलं. लेक म्हणते पहिल्या फेरीचाच दे, रूट बघ. नागपूरकराचा निरोप आलाय की रविवारचा सामना होईपर्यंत तो काहीच ठरवणार नाही. म्हणजे तोही आता डावीकडचे रकाने वाचायला लागला, आणि रविवारनंतर भाव वाढणार.